मदत हवी आहे: आरएक्स-८ मध्ये इंजिन ऑईल जास्त झालंय, काढू की राहू देऊ?

नमस्कार मंडळी,

मी मूळचा सांगलीचा, सध्या इंग्लंडमध्ये रेडिंगला असतो. दोन महिन्यांपूर्वी २००६ ची माझदा आरएक्स-८ घेतली, सहा गिअरची, २३१ हॉर्सपॉवरवाली. कॉलेजात होतो तेव्हापासून या गाडीवर जीव आहे, त्यामुळे माझ्या हातून तिचं काही बिघडू नये एवढीच इच्छा.

हिच्या १.३ लिटरच्या इंजिनात पिस्टन नाहीत, दोन त्रिकोणी रोटर आहेत. त्यांच्या टोकांवरच्या सीलना वंगण मिळावं म्हणून एक छोटा पंप थोडं थोडं ऑईल थेट आत सोडतो आणि ते पेट्रोलबरोबर जळतं. म्हणजे ऑईल कमी होणारच. 'एक आड एक टाकी भरताना डिपस्टिक बघा', असं विकणाऱ्याने बजावलं होतं. (डिपस्टिक म्हणजे ऑईलची पातळी दाखवणारी काडी.)

गोंधळ इथून सुरू झाला. माझ्या घरासमोरची जागा उताराची आहे. रविवारी सकाळी थंड इंजिनावर काडी बघितली, तर ऑईल जेमतेम खालच्या खुणेला. घाबरून ५डब्ल्यू-३० चा एक लिटरचा डबा अख्खा ओतला. काल वीसेक मैल चालवून पेट्रोलपंपाच्या सपाट जागेवर पुन्हा बघितलं, तर ऑईल वरच्या खुणेच्याही बोटभर वर! शिवाय काडीच्या एका बाजूला वेगळं दिसतं, दुसऱ्या बाजूला वेगळं.

रोज थोडी सपाट रस्त्यावर नेऊन बघावी, तर तेही जमत नाही. हे इंजिन थंड असताना सुरू करून मिनिटभरात बंद केलं, तर पेट्रोलने फ्लड होतं आणि मग लवकर सुरूच होत नाही. मग ऑईल बघायचं तरी कधी? आणि आत्ता जास्तीचं काढू, की आपोआप जळेल म्हणून वाट बघू? ऑईल भरायच्या नळीच्या तोंडाशी पांढरट साय पण दिसते. तिची धास्ती वेगळीच.

प्रतिसाद १

वाट बघू नका, काढा. भरायच्या नळीला एक बारीक पाइप जोडलेला असतो, तो इंजिनच्या हवेच्या वाटेला जातो. पातळी जास्त असली की जोरात वळण घेताना ऑईल त्या पाइपातून आत खेचलं जातं, धूर होतो आणि काजळी धरते. काढेपर्यंत गाडी दामटू नका.

काढायला ड्रेन बोल्टला हात लावायची गरज नाही. मोठी सिरिंज आणि डिपस्टिकच्या नळीतून जाईल एवढी बारीक प्लॅस्टिकची नळी घ्या. थोडं ओढा, बघा, परत ओढा. निघालेलं ऑईल गटारात नको, कौन्सिलच्या रिसायकलिंग केंद्रावर द्या.

बघायची वेळ एकच ठरवा: गाडी पूर्ण तापलेली, पेट्रोल भरून झालेलं, सपाट जागा, इंजिन बंद करून पाच मिनिटं. काडी पहिल्यांदा काढाल तेव्हा नळीच्या भिंतीवरचं ऑईल तिला लागतं, म्हणून दोन बाजू जुळत नाहीत. पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा आणि ज्या बाजूला कमी दिसेल ती खरी धरा. यापुढे एका वेळी पाव लिटरच्या वर ओतू नका.

प्रतिसाद २

ती साय बहुतेक वाफेची आहे. थंडीत जवळजवळच्या फेऱ्या झाल्या की नळीत दव धरतं आणि ऑईलमध्ये फेसाळतं. आठवड्यातून एकदा अर्धा तास मोटरवेला नेली की जाते. मात्र कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) पातळीही बघत जा. ती उतरत असेल तर प्रकरण वेगळं, मग रोटरी इंजिन जाणणाऱ्या मेकॅनिकलाच दाखवा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. आज ऑफिसातून येताना पंपावर थांबलो, सिरिंजने चार वेळा मिळून साधारण ४०० मिली काढलं. ऑईल आता वरच्या खुणेच्या किंचित खाली आहे, दोन्ही बाजूंना सारखं. कूलंट जागच्या जागी आहे.

वडिलांना फोनवर सांगितलं, तर म्हणाले, 'आपल्या चेतकला नाही का पेट्रोलमध्येच ऑईल घालायचो, तसंच हे.' त्यांना एका वाक्यात कळलं! टाकी आणि ऑईलची नोंद ठेवायला वही केली आहे. हजार मैल झाले की आकडे इथेच लिहीन.