मुलाखतीआधी पोटात गोळा येतो, तेव्हा तुम्ही काय करता?

शेवंती
भाचीची परवा बँकेत मुलाखत आहे. काल फोनवर म्हणाली, "मावशी, ऐनवेळी आवाजच फुटला नाही तर गं?" आणि मला माझी एमपीएससीची मुलाखत आठवली. मांडीवरच्या फायलीचा पुठ्ठा तळहाताच्या घामाने ओला झालेला, जीभ टाळ्याला चिकटलेली. दारावरच्या शिपाईमामांनी न मागता पाणी आणून दिलं. "घोट घोट प्या ताई, इथे सगळ्यांचं असंच होतं." तेवढ्यानेच किती धीर आला! तुमचे अनुभव लिहा, तिला वाचायला देणार आहे.

सातारकर
श्वास. घेताना मनात चार आकडे, सोडताना सात-आठ. सोडण्यावर भर द्यायचा, कारण श्वास बाहेर जाताना ठोके मंदावतात. आम्हाला कबड्डीच्या सरांनी शिकवलं होतं, मुलाखतीला कामी आलं. आदल्या रात्रीपासून सराव करायला सांगा, दारात उभं राहून पहिल्यांदा जमत नाही.

रानजाई
उपाशी पाठवू नका!! आणि चहा-कॉफी एकच कप. आधीच हात थरथरत असतात, त्यात कॉफी म्हणजे विचारू नका. माझी आई दहीसाखर हातावर ठेवायची.

सातारकर
दहीसाखर हवीच. पोहे मात्र टाळा, फार तहान लागते.

रानजाई
पोह्यांना नावं ठेवू नका हो दादा. वरून ओलं खोबरं घातलं की नाही लागत तहान.

मराठी माध्यम
माझी यूपीएससीची होती, दिल्लीला धौलपूर हाउसमध्ये. मुलाखत मराठीतून घेतली, शेजारी दुभाषी बसतो. प्रश्नाचं भाषांतर होईपर्यंत विचाराला दोन क्षण जास्त मिळतात, त्याचा फार आधार वाटला. आणखी एक, जे आम्हाला कुणी नीट सांगत नाही. मुख्य परीक्षेला 1750 गुण, मुलाखतीला 275, आणि मुलाखतीत किमान अमुक गुण हवेतच अशी अट नाही. तिथे कुणी 'नापास' होत नाही. हे कळल्यावर मला रात्री झोप लागली. जे येत नाही ते "माहीत नाही सर" म्हणून सरळ सांगायचं. मी बऱ्याचदा सांगितलं, कुणाच्या कपाळावर आठी आली नाही.

गडवेडा
अर्जात छंद खरा लिहा. मी गडभ्रमंती लिहिलं होतं. पहिल्या प्रश्नांना आवाज कापत होता. मग एका मॅडमनी राजगडाच्या माच्या विचारल्या. सुवेळा, पद्मावती सांगून संजीवनीवर आलो आणि तिची दुहेरी तटबंदी टेबलावर बोटाने काढूनच दाखवली. कापरं कधी गेलं कळलंच नाही. आपल्या जीवाभावाचं बोलताना भीती मागे पडते, हे मी छातीठोकपणे सांगतो.

मराठी माध्यम
संजीवनीवर पावसाळ्यात गेलायत का? आम्हाला यंदा जायचंय.

गडवेडा
निसरडं असतं, जपून. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

दोन पिल्लांची आई
मुलं झाल्यावर बऱ्याच वर्षांनी नोकरीसाठी बाहेर पडले. "मधली वर्षं काय केलंत?" हा प्रश्न येणारच होता. त्याचं फक्त पहिलं वाक्य घोकलं होतं, "मुलं लहान होती, मी घरी होते आणि आता पूर्ण वेळ देऊ शकते." पुढचं आपोआप सुचतं. अख्खं उत्तर पाठ केलं की एक शब्द निसटला तरी घसा कोरडा पडतो. समोरचे एक साहेब सगळा वेळ मोबाईलमध्ये होते, फार लागलं मनाला. मग ज्या बाई ऐकत होत्या त्यांच्याकडे बघून बोलले. (कुकर झाला, नंतर लिहिते)

अबोली
घरच्यांनी सकाळपासून "झाली का? कशी झाली?" असे फोन करू नयेत, एवढं कराच. माझ्या धाकट्या भावाला त्याचंच दडपण यायचं. बिचारा फोन बंद करून बसायचा.

शेवंती
सगळ्यांचे मनापासून आभार. भाची वाचतेय, श्वासाचं सुरू केलंय. ती विचारतेय, साडी की सलवार-कमीज?

रानजाई
सवय नसेल तर साडी नको, सगळं लक्ष निऱ्यांकडे जातं. कमीज, ओढणीला दोन्ही खांद्यांवर पिना. आणि नवी चप्पल नको, चावते.