मदत हवी आहे: दिवसा सौरज्वाला टिपताना व्हीएलएफ (अतिनिम्न वारंवारिता) रिसीव्हरमध्ये गोंगाट

सौरज्वालेच्या क्ष-किरणांनी आयनावरणाचा डी थर (सगळ्यात खालचा) अचानक दाट होतो आणि दूरच्या व्हीएलएफ केंद्राच्या सिग्नलची तीव्रता बदलते. तेच नोंदवायचं आहे. केंद्र आहे ऑस्ट्रेलियातलं एनडब्ल्यूसी, 19.8 किलोहर्ट्झ. ठिकाण पुणे.

अँटेना: 1 मीटरची चौकोनी लाकडी चौकट, 0.5 मिमी इनॅमल तारेचे 50 वेढे, चौकटीची कड आग्नेयेकडे. पुढे प्रीअँप आणि 96 किलोहर्ट्झ सॅम्पलिंगचं साउंड कार्ड. (48 वर 24 किलोहर्ट्झपर्यंतच दिसतं, आणि वरच्या टोकाला कार्डाचा फिल्टर सिग्नल खातो.)

सूर्योदय-सूर्यास्ताचे खड्डे आलेखात स्वच्छ उमटतात, म्हणजे साखळी चालते आहे. पण सकाळी 10 ते दुपारी 4 या वेळेत 18 ते 21 किलोहर्ट्झवर जाड पट्टा येतो आणि सूर्याचे क्ष-किरण मोजणाऱ्या गोज उपग्रहाच्या आलेखात एम वर्गाची (मध्यम तीव्रतेची) ज्वाला असूनही इथे काहीच हलत नाही. गच्चीवरच्या सोलर पॅनेलचा इन्व्हर्टर बंद केला की पट्टा जातो. चौकट त्यापासून 6 मीटरवर आहे. केबलचे 31 मिक्स फेराइटच्या (गोंगाट दाबणाऱ्या चुंबकीय) कड्याभोवती 8 वेढे देऊन पाहिले. इतक्या कमी वारंवारितेला ते पुरत नाहीत, हे उघडच आहे.

नॅनोक्रिस्टलाइन कोअर (कमी वारंवारितेला चालणारं तसंच कडं) इथे कोणी वापरलाय का, किती वेढे लागले? की चौकट फिरवून इन्व्हर्टर शून्य दिशेत (जिथून चौकट जवळजवळ काहीच पकडत नाही) आणणं जास्त बरं, एनडब्ल्यूसीचा सिग्नल थोडा घटला तरी? डीसी वायरी एकमेकींना पिळून घेतल्याने किती फरक पडतो, तेही आकड्यांत सांगा. ज्वालांचा हा मोसम वाया जाऊ द्यायचा नाहीये.