चेकरिंगच्या कटरला मोटर कुठली: सोनाराची फ्लेक्स शाफ्ट, दाताची मायक्रोमोटर की शिलाई मशीनची?

खानापूर_सुतारकाम
नमस्कार मंडळी. एअर रायफलच्या दस्त्यांवर चेकरिंग (पकड बसावी म्हणून आडव्यातिडव्या रेघांची जाळी) करायचं आहे. लाकूड अक्रोड आणि शिसव, रेघा २० एलपीआय, म्हणजे इंचाला २०. पहिल्या रेघा हाताने पाडण्यातच वेळ जातो, म्हणून कार्बाइड कटर घेतलाय: ६ मिमी व्यास, १२ दात, ९० अंश, दांडी ३ मिमी. अंतर राखायला पितळी बूट (आधीच्या रेघेत सरकणारा गाईड) लेथवर करून घेतला. आता फिरवायचं कशाने? सोनार वापरतात ती टांगती मोटर (फ्लेक्स शाफ्ट, म्हणजे लवचिक नळीतल्या केबलने फिरवणारी), दातांच्या लॅबची ३५,००० आरपीएमची मायक्रोमोटर, की शिलाई मशीनची पायडलवाली? पावसाळ्यात इकडे लाईटचा भरवसा नाही, तेही धरून सांगा.

लेथ_उद्यमबाग
३५,००० बघून भुलू नका. या कामात लाकूड जळतं ते वेग कमी पडून नव्हे, दाताला खायला न मिळाल्याने. रेघेवर हात सेकंदाला साधारण १० मिमी सरकतो. १८,००० आरपीएमला १२ दाती कटरचे सेकंदाला ३,६०० दात लाकडाला लागतात, म्हणजे एका दाताच्या वाट्याला ०.००३ मिमीसुद्धा येत नाही. एवढ्यात दात कापत नाही, नुसता घासतो. मग शिसवाला चकाकी येते, रेघ काळी पडते आणि धार जाते. तेच ६,००० वर आणलं की दाताला ०.००८ मिमी मिळतं आणि भुगा पिठासारखा न पडता जरा रवाळ पडतो. हीच खूण: भुगा चिमटीत धरून बघा, पीठ लागलं तर वेग जास्त आहे.

म्हणून ५ ते ८ हजारांवर न अडखळणारी मोटर बघा. मायक्रोमोटर तिथेच मार खाते. साध्या ब्रशवाल्या मशीनचा जोर वरच्या वेगात असतो. खाली आणली की लाकडाच्या तंतूंना आडवं कापताना थांबते, मग माणूस नॉब फिरवतो आणि लाकूड जाळतो. शिवाय दातांच्या हँडपीसचा (हातात धरायचा भाग) कोलेट, म्हणजे दांडी पकडणारी कडी, बहुतेक २.३५ मिमीचा असतो, तुमची ३ मिमीची दांडी त्यात जाणारच नाही.

वेंगुर्ला_रोड
लेथवाल्यांशी सहमत. सोनाराचीच घ्या. तीन जबड्यांच्या चकचा हँडपीस घेतला की ४ मिमीपर्यंतची दांडी बसते. मात्र ती टांगण्यातच लोक चुकतात. मोटर बाकाच्या इतकी वर हवी की शाफ्ट सैल कमानीत खाली येईल. कुठेही घट्ट वळण पडलं की आतली केबल नळीला घासते, हँडपीस गरम होतो आणि ती थरथर थेट रेघेत उतरते. रेघ लाटेसारखी दिसली तर बूट बदलण्याआधी शाफ्टची कमान बघा. ५० तासांच्या कामानंतर केबल बाहेर काढून पुसा, ग्रीसचा पातळ हात द्या. जास्त भरलं तर ते हँडपीसमधून दस्त्यावर येतं आणि तेवढ्या जागेवर तेल-पॉलिश धरत नाही.

दुसरं, कापायची दिशा. हँडपीस रेघेला आडवा धरलाय आणि कटरचे खालचे दात तुमच्याकडे येताहेत असं समजा. तेव्हा टूल पुढे पळायला बघतं. म्हणून ते आपल्याकडे ओढत काप घ्यायचा. ढकलत गेलात तर एखाद्या क्षणी ते सुटतं आणि थेट बॉर्डर (जाळीची कड) ओलांडतं. दिशा बदलायची तर हँडपीस दुसऱ्या बाजूने धरा, मोटर उलटी फिरवू नका. एकाच दिशेसाठी गुंडाळलेल्या केबलचे पीळ उलटं फिरवल्यावर जोराखाली उकलतात.

सागवान_शत्रू
शिलाई मशीनची मोटर एवढी टाकाऊ नाही वो. वेग तिचा बरोबर याच पट्ट्यात असतो. वाईट आहे ते पायडल: रोधाने वेग कमी करतं, त्यामुळे भार आला की मोटर आणखी मंदावते. आणि सलग चालायला ती बनलेली नाही, दहा मिनिटांत अंगाला चटका देते. सरावाच्या फळकुटावर चालेल, गिऱ्हाइकाच्या दस्त्यावर नको.

कुणी सागवानाचा दस्ता आणला तर दर आधीच वाढवून सांगा. सागात सिलिका असते, कार्बाइडची धारसुद्धा लवकर बसते.

खानापूर_सुतारकाम
म्हणजे टांगती मोटर पक्की. घरी जुना चौकोनी लहरीचा इन्व्हर्टर आहे, त्यावर चालेल काय?

लेथ_उद्यमबाग
इलेक्ट्रॉनिक पायडल असेल तर नको. त्यातला ट्रायॅक (वेग कमीजास्त करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) चौकोनी लहरीवर नीट वागत नाही, मोटर गचके देते किंवा एकदम पळते. प्युअर साइन (गुळगुळीत लहरीचा) इन्व्हर्टर असेल तर हरकत नाही. नाहीतर लाईट गेल्यावेळेपुरती १२ व्होल्टची ७७५ नंबरची डीसी मोटर फ्लेक्स शाफ्टला जोडा, पीडब्ल्यूएम कंट्रोलर (वीज झटपट चालू-बंद करून वेग ठरवणारा) लावा. पीडब्ल्यूएमने वेग कमी केला तरी जोर बऱ्यापैकी राहतो. ७ एएचच्या बॅटरीवर ४ अँपिअरने तासभर धरा. मोटर घेताना छापलेला आरपीएम वाचा, याच नंबरखाली ३ हजारवालीही मिळते आणि १२ हजारवालीही.

वेंगुर्ला_रोड
एक राहिलं. मोटरने पूर्ण खोली गाठू नका. २० एलपीआयला रेघांतलं अंतर १.२७ मिमी, ९० अंशाच्या कटरला टोकदार हिरा (रेघांमध्ये उरणारा चौकोनी उंचवटा) यायला ०.६३ मिमी खोली लागते. मोटरने ०.४ पर्यंतच, पुढचं हाताच्या कटरने दोन-तीन फेऱ्यांत. ०.४ खोलीला ६ मिमीचा कटर मध्यापासून दोन्ही बाजूंना दीड मिमी कापतो, म्हणून कटरचा मध्य बॉर्डरच्या ३ मिमी अलीकडेच थांबवा. मास्टर रेघा (बाकीच्यांना दिशा देणाऱ्या मूळ रेघा) आणि बॉर्डर हातानेच. शिसवात छिद्रं मोठी, हिऱ्यांची टोकं उडतात, तिथे १८ एलपीआयवर या. लाकूड पावसाळी दमट असेल तर कुठल्याही मोटरने तंतू उभे राहतात. आधी वाळवा, पातळ सीलरचा हात द्या, सुकल्यावर कापा. आणि शिसवाचा भुगा नाकात गेला की खाज-शिंका सुरू होतात, मास्क लावाच.