वारा वाढल्यावर आधी मुख्य शीड कमी करावे की जेनोआ (पुढचे मोठे शीड)?

प्रश्न (खाडीकाठ)

सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात आम्ही एक जुनी 30 फुटी स्लूप (एका डोलकाठीची शिडाची नौका) चालवतो. पुढे डोलकाठीच्या टोकापर्यंत चढणारा मोठा जेनोआ आणि मागे त्या मानाने लहान, अरुंद मुख्य शीड, अशी तिची रचना आहे. येथे उन्हाळ्यात सकाळ शांत जाते. मात्र कॅलिफोर्नियाचे मधले खोरे तापले की समुद्रावरची थंड हवा गोल्डन गेटच्या सामुद्रधुनीतून आत ओढली जाते आणि दुपारी अल्काट्राझ बेटाच्या आसपास वारा 20 ते 25 नॉटपर्यंत (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे 1.85 किमी) चढतो. कॉकपिटमधूनच फर्लरची (पुढचे शीड गुंडाळणाऱ्या यंत्रणेची) दोरी ओढता येते, म्हणून आम्ही अशा वेळी जेनोआ अर्धा गुंडाळतो. त्याने नौकेचा कल थोडा कमी होतो, परंतु सुकाणूचा दांडा दोन्ही हातांनी धरूनही आवरत नाही आणि झोत आला की नौका वाऱ्याकडे तोंड फिरवते. शीड कमी करूनही सुकाणू जड का होते?

उत्तर 1 (वायव्येचा)

पाण्याखालचा कील (नौकेच्या तळाचा उभा पंखा) आणि सुकाणू ज्या बिंदूभोवती नौकेला आडवे सरकण्यापासून रोखतात, त्याच्या पुढे जेनोआ ओढतो आणि मागे मुख्य शीड ढकलते. दोघांची ओढ जुळली तर दांडा एका हाताने सांभाळता येतो. पुढचे शीड निम्मे झाले आणि मागचे पूर्ण राहिले, तर एकूण जोराचे केंद्र मागे सरकते आणि नाळ (नौकेचे पुढचे टोक) वाऱ्याकडे वळू लागते. त्यात कलाची भर पडते, कारण नौका कलली की शिडांचा जोर पाण्यावर बाहेरच्या बाजूला जातो आणि तोही तिला वाऱ्याकडेच वळवतो. मुख्य शिडाचा पहिला रीफ घेतला (म्हणजे खालचा भाग दुमडून शीड लहान केले) की केंद्र खाली आणि पुढे येते, म्हणजे दोन्ही तक्रारी एकदम कमी होतात. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे 15 नॉटचा वारा 21 वर गेला की शिडावरचा जोर जवळजवळ दुप्पट होतो. सुकाणू पाच अंशांपेक्षा जास्त कोनात सतत धरावे लागत असेल, तर ते दिशा देण्यापेक्षा ब्रेकचेच काम अधिक करते, हे लक्षात घ्यावे.

उत्तर 2 (जुना डेकहँड)

वरील विवेचन योग्य आहे, मात्र निष्कर्ष या नौकेला जसाच्या तसा लागू करू नये. मुख्य शीड मोठे आणि जिब (पुढचे शीड) लहान असलेल्या नव्या नौकांवर आधी मुख्य शीड कमी करणे योग्यच ठरते. आपल्या रचनेत खरे इंजिन पुढे आहे, त्यामुळे पुढूनच सुरुवात करण्याचा आपला विचार मुळात चुकीचा नाही. अडचण अर्ध्या गुंडाळलेल्या जेनोआची आहे. साधारण तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त गुंडाळला की त्याचे पोट फुगते, पुढची कड जाड दोरखंडासारखी होते आणि तो ओढण्यापेक्षा नौकेला आडवे ढकलू लागतो. थोडाच गुंडाळला तरी शीटची (शीड ताणून धरणाऱ्या दोरीची) कप्पी डेकवरच्या रुळावर पुढे आणावी, नाहीतर वरचा भाग फडफडत राहतो. माझे स्पष्ट मत असे की, येथील उन्हाळ्यासाठी जेनोआ उतरवून डोलकाठीच्या मागे न जाणारी, जाड कापडाची जिब मे महिन्यातच चढवावी आणि ती ऑक्टोबरपर्यंत तशीच ठेवावी. मग 20 नॉटला मुख्य शिडाचा एक रीफ बहुधा पुरेल.

उत्तर 3 (शीडकाम)

मुख्य शीड किती जुने आहे? कापड ताणले गेले असेल तर वारा वाढताच त्याचे पोट मागे सरकते, आणि मग रीफ घेऊनही सुकाणू जडच राहते. रीफ घेताना क्रम पाळावा: शीट आणि व्हँग (बूमला, म्हणजे शिडाखालच्या आडव्या दांड्याला, खाली ओढणारी दोरी) सैल करून, टॉपिंग लिफ्टवर (बूमचे मागचे टोक वरून पेलणाऱ्या दोरीवर) बूम तोलून, हॅलयार्ड (शीड वर चढवणारी दोरी) खुणेपर्यंत सोडावी, पुढची कडी आकड्यात अडकवून हॅलयार्ड पुन्हा ताठ करावी, आणि त्यानंतरच मागची रीफ-दोरी खेचावी. ही दोरी शिडाला खाली आणि मागे, दोन्हीकडे ओढणारी हवी. ती फक्त खाली ओढत असेल तर शिडाची खालची कड पिशवीसारखी लोंबते. मधल्या छिद्रांतल्या बारीक दोऱ्या केवळ उरलेले कापड आवरण्यासाठी असतात. त्यांच्यावर भार आला की कापड तिथेच फाटते.

प्रश्नकर्ता (खाडीकाठ)

सर्वांचे आभार. मुख्य शीड नौकेबरोबरच आलेले, म्हणजे बरेच जुने आहे, आणि रीफ-दोरी फक्त खालीच ओढते, हे आज बंदरात बूमखाली उभे राहून तपासले. एक शंका उरते: उपसागराच्या पूर्व काठावरच्या बर्कलीकडे वाऱ्याबरोबर जाताना सारे शांत वाटते, मग रीफ नेमका केव्हा घ्यावा?

उत्तर 1 (वायव्येचा)

वळण्यापूर्वी. वारा 20 नॉट आणि नौका 6 नॉटने त्याच दिशेने जात असेल, तर अंगाला 14 च नॉट जाणवतात. परतीसाठी वाऱ्याकडे वळलात की तेच 25 च्या आसपास जातात. मात्र वारा मागून असताना मुख्य शीड डोलकाठीच्या आडव्या दांड्यांवर आणि बाजूच्या तारांवर दाबले जाते आणि सहज खाली येत नाही. म्हणून मोकळ्या पाण्यात, जिब थोडी भरलेली ठेवून, मुख्य शीड रिकामे होईल इतकेच वाऱ्याकडे वळावे आणि तिथेच रीफ उरकावा. ओहोटी वाऱ्याच्या विरुद्ध वाहत असेल तेव्हा लाटा आखूड आणि उभ्या होतात, त्या दिवशी हे काम बर्कलीच्या बाजूलाच पूर्ण करून निघावे.