विषय: थ्रिफ्ट स्टोअरमधली नोकरी, कुणाला अनुभव?

नमस्कार मंडळी,
हिचं ईएडी (अमेरिकेत नोकरी करायचा परवाना) एकदाचं आलं. घराजवळच्या एका ना-नफा थ्रिफ्ट स्टोअरमध्ये, म्हणजे लोकांनी दान दिलेलं जुनं सामान विकणाऱ्या दुकानात, मागच्या खोलीत सामान निवडायची जागा आहे. पुण्यात नऊ वर्षं बँकेत काढलेली बाई, म्हणून मीच जरा का-कू करतोय. ती उद्याच रुजू व्हायला तयार. कुणी केलंय का हे काम?
– मं.

---

मं.,
ती तयार आहे ना? मग तू कशाला मध्ये? मी सहा वर्षं अशाच एका दुकानाच्या मागच्या खोलीत काढली.

ना-नफा म्हणजे निवांत, असं समजू नका. तासाला किती नग हँगरवर चढले, ते रोज मोजतात. पगार जेमतेम, पाय मात्र संध्याकाळी बोलायला लागतात. हातमोजे घालायचेच, खिशातून मला एकदा कवळी मिळाली होती. टॅगचा रंग दर आठवड्याला बदलतो. जुन्या रंगाला सूट, तरी खपलं नाही तर आउटलेटमध्ये वजनावर, त्यातूनही उरलं की गठ्ठे बांधून चिंध्यांच्या व्यापाऱ्याकडे.

डिसेंबरची ३१ तारीख बघण्यासारखी. टॅक्ससाठी पावती हवी म्हणून गाड्यांची रांग. पावतीवर किंमत देणाऱ्यानेच लिहायची असते, आम्ही नाही. तरी आपलीच माणसं, "काकू, दोनशे टाका ना!" आणि पिशवीत काय, तर शिट्टी नसलेला कुकर. तो फेकायचा खर्च दुकानालाच. (दिवाळीची अडगळ आणणाऱ्यांनी कृपया वाचावे.)

गुडविल या थ्रिफ्ट स्टोअर चालवणाऱ्या संस्थेची सुरुवात १९०२ साली बॉस्टनला झाली, ती एडगर हेल्म्स या पाद्र्यामुळे. जुनं सामान गोळा करायचं, गरजूंकडून दुरुस्त करून घ्यायचं, विकायचं आणि त्यातूनच त्यांची मजुरी द्यायची. आमच्याकडेही तीच रीत. मला हँगर लावायला शिकवलं ते तुरुंगातून सुटून आलेल्या पोराने. तीन महिने मला 'मॅम' म्हणत होता, मग 'आँटी'वर आला.

एकदा स्टीलचं पातेलं आलं. काठावर कोरलेलं नाव घासून गेलेलं, पण 'सप्रेम भेट' आणि '१९८७' स्वच्छ. पोरगा म्हणाला, नक्षी छान आहे. मी त्याला वाचून दाखवलं.
– सु. काकू

---

काकू, हिला हे मोठ्याने वाचून दाखवलं. सोमवारी जातेय. पातेलं तुम्हीच घेतलं ना?
– मं.

---

कसलं घेतेय! माल एक दिवस दुकानात मांडलेला असल्याशिवाय आम्हाला विकत घेता येत नाही. २ डॉलर ९९ चा टॅग मीच लावला आणि मुद्दाम मागच्या फळीवर, वॅफल मेकरच्या आड ठेवलं. दुसऱ्या दिवशी दहाला गेले तर फळीवर नुसता वॅफल मेकर.

हिला म्हणावं, बूट चांगले घे.
– सु. काकू