भलत्याच्या नावावर रंगवलेले सुवचन : अब्रुनुकसानी होते का?

खाडीकाठचा वाचक :
गुहागर तालुक्यातील आमच्या वाचनालयाच्या भिंतीवर पावसाळ्यापूर्वी दोन सुवचने रंगवून घेतली. पहिले फ्रेंच विचारवंत व्हॉल्टेअरच्या नावाने, मत पटले नाही तरी ते मांडण्याच्या हक्कासाठी प्राण पणाला लावीन, अशा अर्थाचे. दुसरे श्रमाची थोरवी सांगणारे, गावच्या दिवंगत गुरुजींच्या नावाने. गणपतीला आलेले गुरुजींचे नातू म्हणतात की आजोबा असे कधीच बोलले नव्हते, ही अब्रुनुकसानी आहे आणि ते पोलिसांत गुन्हा नोंदवणार आहेत. गुरुजी हयात नसताना गुन्हा होतो का?

निवृत्त बेलीफ :
मृत व्यक्तीची बदनामी होतच नाही, हा समज चुकीचा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ नुसार, ती व्यक्ती जिवंत असती तर तिच्या लौकिकाला बाधा आली असती आणि नातलगांच्या भावना दुखावण्याचा हेतू होता, असे दिसल्यास गुन्हा होऊ शकतो. मात्र वाक्य खोटे असणे पुरेसे नाही; त्याने लौकिक खालावला पाहिजे. श्रमाचे गुणगान तोंडी घातल्याने कोणाची मान खाली जाते? त्याच गुरुजींच्या तोंडी एखाद्या जातीला हिणवणारे वाक्य घातले असते, तर मी इतक्या निश्चिंतपणे लिहिले नसते. शिवाय हा गुन्हा अदखलपात्र असल्याने ठाण्यात खेटे घालून उपयोग नाही. फिर्याद दंडाधिकाऱ्यांपुढे करावी लागते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधा कारावास, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा.

दापोलीकर :
थोडी भर घालतो. ‘खरे लिहिले तर कोर्ट काय करणार?’ असे आमच्याकडे छातीठोकपणे बोलले जाते. परंतु फौजदारी खटल्यात विधान खरे असण्याबरोबरच ते लोकहितासाठी केलेले असावे लागते. दिवाणी दाव्यात मात्र सत्य हा पूर्ण बचाव ठरतो. नाव न घेतल्यानेही सुटका होत नाही : ‘जेटीवरचे सावकार’ एवढेच लिहिले आणि जेटीवर सावकार एकच असला, तर अख्ख्या बंदराला कळते.

ग्रंथपाल :
गुरुजींइतकाच अन्याय व्हॉल्टेअरवर झाला आहे. ते वाक्य एव्हलिन बीट्रिस हॉल या इंग्रज लेखिकेने त्याची वृत्ती सांगण्यासाठी १९०६ साली स्वतः रचले. तो १७७८ मध्येच वारला होता. अवतरणचिन्हांमुळे वाचकांना ते त्याचेच वाटले.

खाडीकाठचा वाचक :
आभारी आहे. नातवांशी बोलून गुरुजींचे नाव काढले, वाक्य ठेवले. हॉलबाईंचे नाव लिहायला रंगारी तयार आहे, पण अक्षरामागे वेगळे पैसे मागतो.