प्रचाराचा मेसेज नेमका तुमच्यापर्यंत कसा येतो? अनुभव लिहा

निवडणूक लागली की फोनवर काय काय येऊन आदळतं ते सगळेच बघतो, पण ते पाठवतं कोण आणि बरोब्बर आपल्यालाच कसं येतं हे लोकांना कळायला हवं असं मला मनापासून वाटतं. प्रचारात काम केलेल्यांनी तर लिहाच. पक्षाचं नाव नको, काम कसं चालतं ते सांगा.

—

मी एका उमेदवाराचं व्हॉट्सअ‍ॅप सांभाळायचो. लोकांना वाटतं एक बटण दाबलं की झालं, पण साध्या ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये (एकच मेसेज प्रत्येकाला वेगवेगळा पाठवायची यादी) २५६ जणच मावतात आणि त्यातही ज्याने आपला नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो, त्यामुळे दारोदार फिरताना पत्रक देण्याआधी आम्ही 'ताई, एवढा नंबर सेव्ह करता का' हेच विचारायचो, आणि समोर उभं राहून सेव्ह करून घ्यायचो. शिवाय २०२० पासून खूप फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. मग कार्यकर्त्यांना सांगितलं, फॉरवर्ड नको, स्वतःच्या शब्दांत दोन ओळी लिहा. त्याला उत्तरं यायची, पोस्टरला कधीच नाही.

—

मी जाहिरातींकडे होते. समर्थकांच्या नंबरांची यादी फेसबुकवर चढवायची, जुळणारी खाती सापडली की त्यांच्यासारखे आणखी लोक तेच शोधून देतं. उमेदवार एकच, पण तरुणांना नोकरीची जाहिरात आणि आईबापांना शाळेची. सभेत निदान सगळे एकच भाषण ऐकतात हो, इथे शेजाऱ्याला काय आश्वासन दिलंय ते तुम्हाला कळतच नाही, हे मला आजही खटकतं. फेसबुकच्या अ‍ॅड लायब्ररीत, म्हणजे जाहिरातींच्या सगळ्यांना खुल्या संग्रहात, राजकीय जाहिराती ७ वर्षं राहतात, उमेदवाराचं नाव टाकून बघाच.

—

केंब्रिज अ‍ॅनालिटिका या राजकीय प्रचाराचं काम करणाऱ्या कंपनीचं २०१८ मध्ये बाहेर आलं, फेसबुकवरच्या एका क्विझमधून ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती तिच्याकडे गेली, म्हणे फेसबुकच. तेव्हापासून मी कुठल्याही क्विझला हात लावत नाही.

—

वरच्या व्हॉट्सअ‍ॅपवाल्या दादांशी सहमत. अमेरिकेत २०१० च्या निवडणुकीत फेसबुकने ६ कोटींवर लोकांवर प्रयोग केला होता, नुसत्या 'मतदान करा' संदेशाने काही फरक पडला नाही, मतदान केलेल्या मित्रांचे फोटो दिसले तेव्हा थोडा पडला. आम्हीही शेवटच्या दिवशी ग्राफिक्स थांबवून ज्याच्या त्याच्या ओळखीच्याकडून व्हॉइस नोट पाठवल्या.

इन्स्टावर रील्स बनवणारं कुणी आहे का इथे? त्यांचं काम कसं चालतं तेही लिहा.